उजव्या कोपऱ्याची नोंद

पेला कलंडायच्या आधीच अनुसूयेने तो वरच्यावर धरला.

विश्वेश्वररावांच्या ओठाचा उजवा कोपरा कानाच्या दिशेने खेचला गेला होता, आतून कुणी दोरा ओढावा तसा. तो कोपरा हलला की पाठोपाठ उजवा हात कोपरात वाकतो आणि बोटं आखडतात, हे तिला गेल्या दोन महिन्यांत पाठ झालं होतं. मधे वेळ असा नसायचाच, पापणी मिटून उघडावी एवढा. पण चाळीस वर्षं उतू जायच्या बेतातलं दूध धरणाऱ्या बाईला तेवढा पुरतो. हात झटकला गेला, बोटं हवेतच मिटली, आणि मग सगळं पुन्हा होतं तसं झालं. कॉफीवरचा फेससुद्धा हलला नाही.

"काय गं, पेला का काढून घेतलास?"

"गरम आहे. स्वल्प थांबा."

विश्वेश्वररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग टेबलाच्या कडेला ठेवलेली हिरव्या कापडी पाठीची वही ओढली, चष्मा नाकावर खाली सरकवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं. तारीख, वेळ सात बेचाळीस, दोन सेकंद. शेऱ्याचा रकाना तेवढा मोकळा ठेवला.

"आज काय येतंय बघू," ते म्हणाले. "काल संध्याकाळी आला तेव्हा पाठोपाठ नळाला कावेरीचं पाणी आलं. पाळी नव्हती आपली."

"गल्लीतल्या सगळ्यांनाच आलं की हो. त्यांची पण तोंडं हलली असतील."

"थट्टा कर. आमच्या आईच्या पंचांगात शेवटच्या पानावर छापलेलं असायचं. पाल अंगावर पडण्याचं फळ वर, अंग स्फुरण्याचं खाली. पुरुषांची उजवी बाजू शुभ."

अनुसूयेने पेला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. हे तिने कधीपासून सुरू केलं ते तिला सांगता आलं नसतं. ते मात्र दर खेपेला तो उचलून उजवीकडे घेत.

विश्वेश्वरराव रेल्वेत स्टेशन मास्तर होते. छत्तीस वर्षांत लहानमोठी अकरा स्टेशनं झाली, शेवटची सहा वर्षं के. आर. पुरम. निवृत्त होऊन येलहंक्याच्या जुन्या गावातल्या घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन पेट्या, एक कंदील आणि एक सवय आली. जे घडेल ते घडल्या वेळेसह लिहायचं. दूधवाला, पेपरवाला, वीज जाणं, वीज येणं. अनुसूयेला सुरुवातीला याचा राग यायचा, कारण तिची भिशी किती वाजता संपली तेही वहीत जायचं. मग तिने विचार केला, दुसऱ्यांचे नवरे निवृत्त झाल्यावर बायकोला स्वयंपाक शिकवतात. त्यापेक्षा हे बरं.

लिहिण्याचे त्यांचे नियम होते. गाडी गेल्याशिवाय वेळ लिहायची नाही. नुसतं इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली असं होत नाही, शेवटच्या डब्यामागची पाटी डोळ्यांनी बघायची. पाटी दिसली नाही तर गाडी मागे कुठेतरी तुटलीय असं धरून चालायचं आणि सगळं थांबवायचं. लग्नाच्या पंगतीत, बारशात, मठातल्या आराधनेच्या जेवणात ते बिंदुमाधवची गोष्ट सांगत. बिंदुमाधव हा त्यांच्या हाताखालचा असिस्टंट. त्याने एकदा मालगाडीची वेळ आधीच लिहून ठेवली आणि इडली खायला गेला. गाडी मकळीदुर्गच्या चढावर बंद पडून राहिलेली, आणि इथे रजिस्टरात ती पुढे निघून गेलेली. विश्वेश्वररावांनी स्वतः वर कळवलं, माणूस घरचा होता तरी.

"न आलेल्या गाडीची वेळ लिहिणारा माणूस एक तर लबाड असतो," ते पानावरचा शेवटचा भात कालवत म्हणायचे, "नाहीतर भ्रमिष्ट."

लोक हसायचे. अनुसूया वाढत पुढे जायची.

ओठाची नोंद सुरू झाली ती अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या शेंगांच्या दिवसांत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आधी दिवसाला दोन. शेरा: अवरेकाई गोड निघाली. शेरा: श्रीवत्सचा फोन. महिनाअखेर दिवसाला दहा. आता मार्चमध्ये एका दिवसाला एक पान पुरत नव्हतं, आणि एवढे शुभ प्रसंग येलहंक्यात घडत नसल्यामुळे शेऱ्याचा रकाना रिकामा राहायला लागला होता.

*

रविवारी मुलगा श्रीवत्स आणि सून शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मारतहळ्ळीहून आले. संपदा पुण्याची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिला या घरचं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून मधेच हसू फुटे, आणि अनुसूयेला तिचं ऐकून. त्या दिवशी मात्र जेवताना संपदा हसली नाही. तिने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि गोष्टी करत राहिली.

"अण्णा, हे कधीपासून होतंय?" श्रीवत्सने विचारलं.

"जानेवारी सहा. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"शुभशकुनाला कुणी डॉक्टर दाखवतं का रे?"

"अण्णा, मी सिरियसली विचारतोय."

"मी पण. तुझं प्रमोशन कुठल्या तारखेला झालं? काढ. मी वहीत दाखवतो."

श्रीवत्सने आईकडे बघितलं. अनुसूया त्याच्या पानात तूप वाढत होती. त्याने बस म्हटलं तरी वाढत होती.

संपदा स्वयंपाकघरात तिच्या मागे आली.

"आई, नुसतं तोंड नाहीये ते. हातपण."

"घाई असते त्यांना. पहिल्यापासून. ताटातलं सांडतात."

"पहिल्यापासून?"

"रेल्वेतली माणसं मा. बसून जेवायची सवय नसते." अनुसूयेने ताकाचं भांडं तिच्या हातात दिलं. "हे बाहेर ने आधी."

*

डॉक्टरकडे जायला विश्वेश्वरराव तयार झाले ते शेजारच्या भीमाचार्यांमुळे. भीमाचार्य मठात पूजेला असत. त्यांनी सांगितलं की शकुन एकदा होतो, दिवसाला तीसदा व्हायला लागला तर ते वाताचं लक्षण. शास्त्राने सोडून दिल्यावर मग जवळच्याच एका क्लिनिकमधले नसांचे डॉक्टर चालले.

डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी भराभर प्रश्न विचारले आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं अनुसूयेने दिली. हे काही तिने ठरवून केलं नाही. त्यांच्या घरात दवाखान्यात, कापडाच्या दुकानात, पाहुण्यांसमोर बोलायचं काम तिचंच असे. विश्वेश्वरराव शेजारी साहेबासारखे बसत आणि मान हलवत. झोप कशी? चांगली. कॉफी किती? चारदा, पण अर्धा पेला. काही काळजी, ताण? निवृत्त माणसाला कसला ताण. विसरतात का काही? अहो, या लायनीवरची सगळी स्टेशनं पाठ आहेत अजून. आज तारीख काय, सर? अकरा.

'अकरा' हेसुद्धा तीच म्हणाली. डॉक्टर हसले आणि लिहीत राहिले.

"हात वगैरे हलतो का बरोबर?"

आता मागे वळून पाहताना तिला दिसे की इथे ती एक श्वास थांबली होती. विश्वेश्वररावांचे दोन्ही हात मांडीवर होते, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्यांतून बाहेर आलेले, नखं कापलेले, शांत. या हातांनी हिरवी-लाल झेंडी दाखवलेली. आपल्या नवऱ्याच्या हातातून पेला पडतो हे एका परक्या मुलाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं?

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर चेहऱ्याचं चित्र काढून समजावलं. कानामागून एक नस चेहऱ्यावर येते. कधी कधी एखादी रक्तवाहिनी तिला टेकते, ठोक्यागणिक घासते आणि नस चाळवते. मग तोंडाजवळचे स्नायू आपोआप उडतात. कॉफी कमी करा, झोप सांभाळा, डोक्याचा एक फोटो काढून घेऊ. तोवर त्या स्नायूंत बारीक सुया देऊ. स्नायू तीन-चार महिने सैल पडतो, मग पुन्हा द्यायच्या.

"दुखेल?" अनुसूयेने विचारलं.

"मुंगी चावल्यासारखं."

फोटोत काही निघालं नाही. सुया दिल्या. पाचव्या दिवशी सकाळी ओठाचा कोपरा हलला नाही. सहाव्या दिवशीही नाही. अनुसूयेने देवापुढे साखर ठेवली.

"आयतू," ती श्रीवत्सला फोनवर म्हणाली. "झालं. बंद झालं. गाल अगदी गप्प."

गाल गप्प होता खरा. हसताना फक्त डावी बाजू हसायची, उजवी तशीच राहायची, ओळख न पटलेल्या माणसासारखी.

*

सारू सांडलं ते त्यानंतरच्या सोमवारी. ती समोरच बसली होती, त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिला काहीही कळलं नाही. ओठ हललाच नाही. वाटी धरलेला हात एकदम वाकला आणि उकळतं सारू त्यांच्या मांडीवर गेलं.

ओल्या फडक्याने धोतर पुसताना तिच्या ध्यानात आलं, की तो ओठ तिचा सिग्नल होता. डॉक्टरांनी सिग्नल तेवढा काढून टाकला, गाडी येतच होती.

"माझ्याच हातून सांडलं," तिने संध्याकाळी संपदाला सांगितलं.

फोनवर पलीकडे संपदाने दार लावून घेतलं.

"आई, तो रविवारचा व्हिडिओ मी इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या न्यूरॉलॉजिस्टना पाठवला होता. त्यांनी तोंडाकडे बघितलंच नाही. त्या म्हणाल्या, हात बघा. गुरुवारी या म्हणाल्यात. आणि पहिल्यांदा कधी झालं, किती वेळा झालं, ते सगळं लागेल म्हणाल्या."

"वहीत आहे सगळं."

"तुम्ही त्या पहिल्या डॉक्टरांना हाताचं सांगितलं होतं ना?"

"विचारलं नाही त्यांनी," अनुसूया म्हणाली आणि गॅस चालू आहे म्हणून फोन ठेवला. गॅस बंद होता.

श्रीवत्स लहान असताना झोपायचा नाही, तेव्हा विश्वेश्वरराव त्याला स्टेशनं म्हणून दाखवत. अजूनही दिवेलागणीला झोपाळ्यावर बसून ते स्वतःशी म्हणत. त्या संध्याकाळीही म्हणत होते.

"येलहंका. राजानुकुंटे. दोड्डबळ्ळापूर. मकळीदुर्ग."

झोपाळ्याची कडी किरकिरली.

"येलहंका. राजानुकुंटे. दोड्डबळ्ळापूर. मकळीदुर्ग."

अनुसूया आत वाती वळत होती. तिसऱ्यांदा मकळीदुर्ग आलं तेव्हा तिने तिथूनच, मोठ्याने नाही, नुसतं सहज सांगितल्यासारखं म्हटलं, "तोंडेभावी."

"तोंडेभावी," ते लगेच म्हणाले. "गौरीबिदनूर. हिंदुपूर." आणि खूश झाले.

वाती वळता वळता तिने किती दिवस झाले ते मोजायचा प्रयत्न केला. किती दिवस ती असं आतून स्टेशन पुरवत होती? फाटकाचं कुलूप ते पुन्हा पुन्हा बघायला उठत, तेव्हा "मी आत्ताच बघितलं" असं किती दिवस म्हणत होती? भीमाचार्यांना त्यांनी परवा 'आपलं नाव?' असं विचारलं, तेव्हा "थट्टा करतात हो" असं म्हणून हसली होती ती. भीमाचार्यही हसले होते. लोक हसतात. वाढत पुढे जायचं असतं.

*

गुरुवारी सकाळी संपदा गाडी घेऊन यायची होती. विश्वेश्वरराव आंघोळीला गेले. अनुसूयेने पहिल्या नोंदीचं पान शोधून तिथे खूण घालून ठेवावी म्हणून हिरवी वही उघडली. घड्याळात साडेआठ वाजत होते.

पहिलं पान सापडलं. सहा जानेवारी. अक्षर छापल्यासारखं. तिथे तिने पोथीतली एक दोरी घातली. मग सहज पुढची पानं चाळली. नोंदी दाट होत गेलेल्या. सुया दिल्यानंतरच्याही होत्या, ओठ गप्प झाल्यानंतरच्या. सारू सांडलं त्या दिवशीची होती, बरोबर वेळेवर. तिला वाटलं होतं त्यांना कळत नाही. त्यांना कळत होतं.

आजची तारीख आली. सहा पाच. सहा एकतीस. सात अठरा. आठ दोन.

त्याखाली अकरा चाळीस.

तिने घड्याळाकडे बघितलं. परत वहीकडे. अकरा चाळीस, दोन सेकंद. एक पंचवीस, दोन सेकंद. चार सहा. तेच अक्षर, तीच शाई, ओळी पट्टीने आखलेल्या. पान उलटलं तर शुक्रवार होता, सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेला. मग शनिवार. मग रविवार. प्रत्येक ओळीपुढे शेरा होता. एवढे दिवस रिकामा राहिलेला तो रकाना आता वरपासून खालपर्यंत भरला होता: वेळेवर. वेळेवर. वेळेवर.

रविवारच्या शेवटच्या ओळीपुढे वेळ नव्हती. फक्त शेरा होता.

शेवटचा डबा दिसला नाही.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला. अनुसूया वही धरून उभी होती. ती पानं पाच-सहाच होती. फाडली असती तर पाठीच्या शिवणीत थोडे दोरे राहिले असते, कुणाला दिसले नसते. तिने पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरला. एवढं केलं असतं, तर बिंदुमाधवची गोष्ट सांगणारा माणूस गोष्टच सांगत राहिला असता, गोष्टीत गेला नसता.

"अगं, माझा टॉवेल?"

"खुंटीवर आहे. उजव्या," ती म्हणाली. कोपरा सोडला आणि वही पिशवीत घातली.

गाडीत ती त्यांच्या शेजारी मागे बसली. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर नेहमीसारखं सगळं थांबलेलं होतं. विश्वेश्वरराव बाहेर खोळंबलेल्या गाड्यांकडे मोठ्या आपुलकीने बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे वाकून, सुनेला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हटलं,

"त्या बाईंनी काही विचारलं, तर तू आहेसच."

"आहे की," अनुसूया म्हणाली.

"कधी कधी एकदम आठवत नाही. वयाने होतं."

"होतं."

पुढे संपदाने आरसा सरळ केला.

*

डॉक्टरीणबाई अनुसूयेच्याच वयाच्या होत्या, केस पांढरे, गळ्यात जाड काळ्या पोतीचं मंगळसूत्र. बोलल्या कन्नडमध्ये, सावकाश. आधी त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग फोन बाजूला ठेवला आणि तिघांकडे बघून सांगितलं.

"नुसतं तोंड उडत असेल तर मी एवढ्या घाईने बोलावलं नसतं. त्याची कारणं पुष्कळ असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. पण तोंड आणि त्याच बाजूचा हात एका झटक्यात ओढला जातो, दिवसातून इतक्या वेळा, तेव्हा ते नसेचं काम नसतं. ते वरून येतं." त्यांनी स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. "शरीराची राखण करणारी शक्तीच कधी कधी चुकून मेंदूवर उठते. रक्ताची तपासणी पाठवू, पण तिचा निकाल यायला दिवस लागतात. तोवर थांबायचं की आजच भरती करून औषध सुरू करायचं, ते मला ठरवायचंय."

"कशावर?" संपदाने विचारलं.

"आठवणीवर. तिला धक्का लागला नसेल, तर दोन दिवस थांबता येईल. लागला असेल तर एक दिवसही नाही. एकदा गेलेलं सगळं परत येईलच असं मी सांगू शकत नाही, अम्मा. म्हणून मी आता साधे प्रश्न विचारणार आहे. सरांना."

शेवटचा शब्द त्यांनी अनुसूयेकडे बघून म्हटला.

नर्सने सगळ्यांपुढे पाण्याचे काचेचे पेले ठेवले होते. विश्वेश्वररावांचा पेला त्यांच्या उजव्या हाताशी, टेबलाच्या कडेला. अनुसूयेचा हात सवयीने त्या दिशेला निघाला होता. तिने तो मधेच वळवून पदराशी नेला.

"सर, तुमचं पूर्ण नाव?"

त्यांनी सांगितलं. खणखणीत. हुद्दाही सांगितला.

"छान. आज वार कोणता?"

विश्वेश्वरराव हसले. डावी बाजू हसली. मग त्यांनी मान वळवली आणि अनुसूयेकडे पाहिलं, कापडाच्या दुकानात पाहत तसं, पाहुण्यांसमोर पाहत तसं, निर्धास्त.

गुरुवार. तो तिच्या जिभेच्या टोकावर होता. सकाळी मठाची घंटा वाजली होती, तिने इकडे उपासाला चालणारे पोहे भिजवले होते, गुरुवार असायला आणखी काय लागतं? तिचे ओठ उघडायला निघाले. तिने ते एकमेकांवर दाबून धरले, इतके की डावा कोपरा थरथरायला लागला.

भिंतीवरचं घड्याळ बिनआवाजाचं होतं. संपदा खाली बघत होती.

"अगं," विश्वेश्वरराव म्हणाले, "सांग की त्यांना."

अनुसूयेने पिशवीतून हिरवी वही काढली. दोरी घातलेलं पहिलं पान उघडलं नाही. मागून उघडली, शेवटच्या लिहिलेल्या पानावर, आणि डॉक्टरीणबाईंच्या पुढे सरकवली. बाईंनी चष्मा लावला. एका ओळीवर बोट ठेवलं. मग मान वर करून समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि परत वहीकडे.

विश्वेश्वरराव वहीकडे बघत नव्हते. ते अजून अनुसूयेकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं निर्धास्तपण हळूहळू उतरत होतं. त्यांनी पाण्याचा पेला उजव्या हाताने उचलला.

गाल गप्प होता. पण इतक्या जवळून बसल्यावर अनुसूयेला अंगठा दिसत होता, आणि अंगठा आत वळायला लागला होता.

तिने मांडीवरचे हात मांडीवरच ठेवले.